उमाकाकूंना बसवायचं राहिलं

आमच्या युसूफ वडगावात आता स्वतःच्या हातानं करावं लागेल असं फारसं काही उरलेलं नाही. प्यायचं पाणी माझ्याकडून जारमध्ये येतं. फॉर्म भरायला पप्पूचं ऑनलाइन सेंटर आहे, दाढीला एसीचं सलून आहे, आणि ज्याला काहीच जमत नाही तो पांढरा शर्ट घालून प्लॉट दाखवत हिंडतो. पूर्वी कुणाच्या घरी लग्न निघालं की भावकीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जायच्या, आणि आम्ही पुरुष पंगती वाढून, मधल्या मध्ये रुसवेफुगवे काढून, घसा बसवून घरी यायचो. आता पाकीट देतो, जेवतो, पनीर बरं नव्हतं म्हणतो आणि निघतो. हे मी कुरकुर म्हणून सांगत नाही. माझं घरही त्याच्यावरच चालतं.

या सगळ्यात नाव काढलं ते रविनं. रवि माझा चुलतभाऊ. आमचं घराणं लिंगायत वाण्याचं, पिढीजात किराणा विकणारं. रविला गल्ल्यावर बसायचा कंटाळा. त्यानं आधी खुर्च्या घेतल्या, मग मंडप, मग आचाऱ्यांची टोळी, आणि मागच्या उन्हाळ्यात फ्रीझरची पेटी. काचेच्या झाकणाची, चाकं असलेली, वायर लावली की आत गार होणारी. गावातली निम्मी पोरं पुण्याला. बाप गेला तरी पोचायला वेळ लागतोच. तोवर मयत नीट राहावं म्हणून ही सोय. पेटी आली त्या दिवशी आम्ही सगळे बघायला गेलो होतो, आणि कुणीतरी तिच्यावर हात फिरवून कूलिंग चांगलं आहे असंही म्हणालं.

पेटी घेऊन रवि आधी उमाकाकूंच्या दुकानापुढं थांबला. नवी गाडी असो की नवी कढई, काकूंच्या हातचं कुंकू लागल्याशिवाय तो वापरायला काढत नसे. धंदा सुरू केला तेव्हा खुर्च्या ठेवायला जागा नव्हती, तर काकूंनी मागची खोली मोकळी करून दिली होती. त्या आमच्या भावकीतल्याच. देवळाच्या रस्त्यावर राहत्या घरातच त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान: कापूर, वाती, विभूती, गुलाल. सकाळी दार उघडलं की मांडी घालून गादीवर बसायच्या त्या दिवेलागणीपर्यंत. पाठ कशाला टेकलेली नाही. ताप असला तरी बसलेल्या. गावात काकूंना आडवं झालेलं कुणी बघितलंच नव्हतं.

आमच्यात माणूस गेला की त्याला बसवतात. अंग गरम आहे तोवर पाय दुमडून मांडी घालायची, पाठीशी आधार द्यायचा, शालीनं बांधायचं, अंघोळ घालून विभूती लावायची, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवायचं. बसलेल्यालाच विमानातून, म्हणजे फुलांनी सजवलेल्या पालखीतून, मिरवत नेतात आणि बसलेलाच समाधीत ठेवतात. काकूंचे मालक केजच्या रस्त्यावर अपघातात गेले होते. दवाखान्यातून ते घरी आले ते कापडात गुंडाळलेले, ताठ झालेले. भावकीतल्या वडीलधाऱ्या महारुद्रअप्पांनी फार खटपट केली, पण ते काही बसले नाहीत. आडवेच पुरले. त्यानंतर काकूंनी नवस बोलले नाहीत, यात्रा केल्या नाहीत, कुणाकडं काही मागितलं नाही. एवढी एक गोष्ट सोडून.

त्या दिवशी त्यांनी पेटीला कुंकू लावलं आणि रविला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "लोकाची सोय कर, लेकरा. मला मातर ह्यात घालू नको. मी गेले की आधी मला बसव, मग गावाला सांग. माझा विश्वेश्वर लांब हाय, त्याच्या हातून होणार न्हाई. तू जवळ हायस."

रवि हसला, तुमाला एवढ्यात कोण न्यायलंय, असं काहीतरी म्हणाला. काकू हसल्या नाहीत. त्यांनी त्याला त्याच्या गळ्यातल्या लिंगाला हात लावून बोलायला लावलं, आणि तो बोलला. दुकानापुढं आम्ही उभेच होतो.

काकू गेल्या त्या दिवशी रवि गावात नव्हता. केजच्या एका कॉलेजात त्याचा सत्कार होता. तिथल्या बद्रीनाथ सरांनी कार्यक्रम ठेवला होता, गावातले सेवाउद्योग आणि देशाची प्रगती असा काहीसा विषय. सरांचं म्हणणं, शेतीत मावत नाहीत ती माणसं सेवा देऊ लागली की देश वर येतो. खोटं नाही ते. रविच्या एका धंद्यावर आचारी, वाढपी, ड्रायव्हर, लायटिंगवाले, अशी कितीतरी घरं उभी आहेत. त्यानं नवा कोट शिवला, आठवडाभर भाषण पाठ केलं, बायकोपुढं म्हणून दाखवलं, मग माझ्यापुढं. मला तर एक वाक्य अजून पाठ आहे. लोकाला वेळ न्हाई, आमी वेळ विकतो.

इकडं सकाळी दुकान उघडलं नाही म्हणून शेजारची शिवकन्या मागच्या दारानं आत गेली. काकू गादीच्या कडेला कलंडलेल्या होत्या. अंग अजून गरम होतं. एकेकाळी अशी हाक आली की भावकी धावायची, आणि पोचेल तो आधी पाय दुमडायचा. शिवकन्येनं विश्वेश्वरला फोन केला. विश्वेश्वर काकूंचा एकुलता मुलगा, पुण्याला एका मोठ्या सोसायटीची देखभाल बघतो: लिफ्ट, पाणी, वॉचमन. त्याला बदली माणूस मिळाल्याशिवाय निघता येत नव्हतं. त्यानं रविला फोन लावला आणि पेटी आहे का विचारलं. रविनं हो म्हणून परमेश्वरला पाठवलं.

परमेश्वर हा रविचा उजवा हात. वस्तीवरच्या म्हाळू धनगराचा मुलगा, दोन लेकरांचा बाप. मेंढरं म्हाताऱ्याकडं सोपवून तो रविच्या गाडीवर आला आणि मंडप बांधण्यापासून मयत उचलण्यापर्यंत सगळं शिकला. त्यानं काकूंना बघितलं आणि पेटी दारात थांबवून रविला फोन केला. ते बोलणं रविनं पुढं जसं सांगितलं तसं सांगतो. परमेश्वर म्हणाला, "रविशेठ, काकू तुमच्यातल्या हायेत. तुमच्यात बसवतेत ना? कुणाला बलवू का?"

रवि तेव्हा स्टेजवर होता. गळ्यात हार पडला होता, खांद्यावर शाल होती, आणि पुढचं भाषण त्याचंच होतं. सर त्याच्याकडं बघत होते. त्यानं तोंडावर हात धरून सांगितलं, "आता कुणाला बलवू नको. पेटीत ठेव. मी आल्यावर बघतो." आणि फोन बंद केला.

त्याला आठवलं नाही असं नाही. आठवलं. आपण लिंगाला हात लावून बोललोय हेही आठवलं. पण महारुद्रअप्पांना एक फोन लावायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ त्याला स्टेजवर जड वाटला, आणि आपण काही लांब नाही, जाऊन बसवू, अशी त्यानं मनाची समजूत घातली. मग तो उठला आणि भाषण केलं. टाळ्या चांगल्या पडल्या म्हणे. नंतर जेवणाचा आग्रह झाला, फोटो झाले, पेपरवाल्याला नाव नीट सांगून झालं. गावात शिरला तेव्हा ऊन उतरलं होतं.

आम्हीही तोवर काकूंच्या घरी जाऊन आलो होतो. पेटी बैठकीत होती, भोवती रविच्याच खुर्च्या मांडलेल्या होत्या, चहा फिरत होता. काचेवर हार टाकताना मला काकू दिसल्या. उताण्या, पाय सरळ. मला काहीतरी खटकलं. अख्ख्या भावकीला खटकलं असणार, त्याशिवाय सगळे एवढे खाली बघत बसले नसते. पण रवि बघेल, त्याचंच काम आहे, असं मी धरून चाललो आणि माझ्या जारच्या गाडीकडं निघून गेलो. महारुद्रअप्पा असते तर त्यांनी तिथंच पेटी उघडायला लावली असती. ते धर्मापुरीला लेकीकडं गेले होते.

रविनं आल्या आल्या झाकण थोडं सरकवून काकूंच्या पायाला हात लावला. पाय लाकडासारखा झाला होता. त्यानं झाकण परत लावलं, वायर नीट बसली का बघितलं आणि आलेल्यांना चहा दिला का म्हणून विचारत हिंडला. खांद्यावर सत्काराची शाल तशीच होती.

सकाळी विश्वेश्वर आला. रडला, आईच्या काचेवर डोकं टेकून बसला. अप्पाही आले. दारात विमान सजवून ठेवलेलं होतं, झेंडूच्या माळा, केळीचे खांब. समाधीचा खड्डा जेसीबीनं आदल्या दिवशीच काढला होता, बसलेल्या माणसाला पुरेल असा, चौकोनी. अप्पांनी पेटी उघडायला सांगितली. आम्ही काकूंना बाहेर घेतलं आणि पाटावर बसवायला गेलो. कंबर वाकेना. गुडघा दुमडेना. कुणीतरी गरम पाणी आणलं, बायकांनी पाय चोळले. रवि शाल हातात धरून मागं उभा होता, बांधायला म्हणून. ती बांधायची वेळच आली नाही. डाव्या हाताची मूठ वळलेली होती, ती उघडेना, लिंग ठेवायला तळहातच मिळेना. एकानं खांदे दाबले, दुसऱ्यानं गुडघ्यावर जोर दिला, आणि आतून कसलातरी बारीक आवाज आला. विश्वेश्वरनं दोघांचे हात बाजूला केले.

विधीला आलेले स्वामी म्हणाले की असा जोर करून बसवायचं नसतं, आडवंच न्या, देवाला सगळं सारखं. देवाला असेलही. आम्ही तिथं माना खाली घालून उभे होतो आणि आमच्यापैकी प्रत्येकाला काकूंचं ते एवढं एक मागणं माहीत होतं.

मग अप्पांनी विचारलं, "काकूला आडवं कुणी ठेवलं?"

रवि अप्पांकडं बघत नव्हता. म्हणाला, "मी गावात नव्हतो, अप्पा. केजला गेलतो. परमेश्वरनं ठेवलं."

परमेश्वर दारापाशी खुर्च्या उचलत होता. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. त्यानं रविकडं बघितलं, बराच वेळ, आणि हातातली खुर्ची खाली ठेवली. विश्वेश्वर त्याच्यावर धावून गेला नाही, पण ह्याला माझ्या दारातून जायला सांगा, एवढं म्हणाला. मागून एकजण पुटपुटला, मेंढरं राखणाऱ्याला आपल्यातलं काय कळायचं. कोण बोललं ते मला माहीत आहे. नाव घेत नाही, कारण मीही मान हलवली होती. परमेश्वर गाडीची चावी खिळ्याला अडकवून पायी निघून गेला.

विमान रिकामं राहिलं. काकूंना तिरडीवर नेलं. आमच्या भावकीत लहान पोरांनी तिरडी बघितलेली नसते, ती आयांना विचारत होती की हे काय आहे.

स्मशानात पोचलो तर खड्डा चौकोनी. आडवं माणूस त्यात मावणार कसं? जेसीबीवाल्याला फोन लावला, तर तो नेकनूरकडं दुसऱ्या कामावर गेला होता, दुपारशिवाय येणार नाही म्हणाला. काकू उन्हात तिरडीवर. आमच्यात कुणी कुदळ घेऊन आलेलं नव्हतं, आता कोण आणतं? शेजारच्या मळ्यातून कुदळ आणि खोरं मागून आणलं. ते कुणी हातात घ्यायच्या आत रविनं कोट काढला आणि खड्ड्यात उतरला.

जमीन मुरमाड. रविला खोदायची सवय नाही, हाताला लगेच फोड आले. मी उतरतो म्हणालो, तर नको म्हणाला. वर सगळं गाव उभं, आणि हा एकटा खड्डा लांबवतोय. काकूंच्या पायांपुरती जागा करत होता. मधेच तो थांबला. कुदळ भिंतीला टेकवली आणि वर न बघता बोलायला लागला.

"परमेश्वरनं फोन केलता," तो म्हणाला. "काकू तुमच्यातल्या हायेत, बसवायचं का, कुणाला बलवू का, असं इचारलं त्यानं. मला भाषण करायचं होतं. मी म्हणलो, पेटीत ठेव. काकूला शब्द दिलता मी. आठवत होता तरी म्हणलो. मघाशी खोटं बोललो."

अप्पांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं विश्वेश्वर आता त्याला खड्ड्यातच धरेल. पण तो कडेला उकिडवा बसला आणि आईच्या तिरडीकडं बघत हळूच म्हणाला, "मी बी फोनवर तुला एवढंच इचारलं की पेटी हाय का. आईला बसवलं का, हे माझ्या तोंडून न्हाई निघालं." मग तोही खाली उतरला. पुढचं दोघांनी मिळून खोदलं.

काकूंना आडवं ठेवलं. लिंग छातीवर ठेवलं. विभूती टाकली, बेल टाकला, माती लोटली. माणूस पुरताना मला कधी एवढी लाज वाटली नव्हती.

परत येताना रवि माझ्या मोटारसायकलवर बसला आणि घराकडं नको, वस्तीवर चल म्हणाला. हात फोडांनी सोलले होते, पॅन्ट गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेली. वस्तीवर परमेश्वरची आई, ताराबाई, अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं पाणी दिलं. तिला सगळं कळलेलं दिसत होतं, गावातल्या गोष्टी वस्तीवर पोचायला वेळ लागत नाही. रविनं तिला सांगितलं की चूक माझी होती, मी सगळ्यांसमोर कबूल करून आलोय, परमेश्वरला एवढं सांगा आणि उद्यापासून कामावर पाठवा.

ताराबाईनं सूप खाली ठेवलं. "तुमी कबूल केलं तवा परमेश्वर तिथं हुता का?"

रवि नाही म्हणाला.

"मग त्येला जाऊन सांगा की. मला कावून सांगायलाव?"

परमेश्वर माळावर मेंढरांमागं होता. गाडी जाईना, आम्ही चालत गेलो. त्यानं आम्हाला लांबून बघितलं, पण तो थांबला नाही आणि पळालाही नाही. खांद्यावर घोंगडं, हातात बापाची काठी. रविच्या धंद्याचं नाव छापलेला टीशर्ट त्यानं काढून टाकला होता. रवि त्याच्यासमोर उभा राहिला आणि खड्ड्यात बोलला होता ते सगळं पुन्हा बोलला. हात जोडले. विश्वेश्वरही तुझी माफी मागायला येणार आहे म्हणाला.

परमेश्वरनं ऐकून घेतलं. त्याला राग आलेला दिसत नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"तुमी सांगितलं ते बरं केलं," तो म्हणाला. "पण आडवं मीच केलं ना काकूला. फोन ठेवल्यावर लई येळ तसाच हुबा हुतो. पाय मऊ हुते, रविशेठ. एका हातानं दुमडले असते."

मेंढरं पुढं निघाली होती. परमेश्वर त्यांच्या मागं गेला.